बारवीवर दर वर्षी तेच मोजा

पदवीच्या विद्यार्थ्यांनी संशोधन करावं का, हा प्रश्न सध्या विज्ञान महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये तावातावाने चर्चिला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आला, समाजाशी जोडलेला प्रकल्प आला, आणि चौथं वर्ष करणाऱ्यांसाठी 'ऑनर्स विथ रिसर्च' हा बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्पही आला. पर्यावरणशास्त्र, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांवर याचा भार सर्वांत जास्त पडला. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं: ही मुलं विज्ञानाला नवं काही देत नाहीत, त्यांच्याकडे उपकरणं नाहीत, त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. अखेर हाती काय उरतं, तर सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल. व्हायवा झाली की ती कपाटात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत.

हा पूर्वपक्ष मी हलका करून मांडत नाही. त्यातलं बरंचसं खरं आहे. तलावाचं नाव तेवढं बदललेलं आणि निष्कर्ष मात्र आधीच्या बॅचचेच, असे प्रकल्प मी वाचले आहेत. एकाच शनिवारी घेतलेल्या तीन नमुन्यांवरून जलाशयाच्या 'आरोग्याचा' निकाल देणारे प्रकल्पही वाचले आहेत. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की पदवीच्या पातळीवरचं संशोधन हा वेळेचा अपव्यय आहे, तो मला साफ अमान्य आहे. दोष मुलांच्या वयात नाही आणि त्यांच्या प्रयोगशाळेतही नाही. दर वर्षी नवा विषय, नवी जागा आणि कोरी पाटी घेऊन सुरुवात करण्याची जी पद्धत आपण त्यांच्यावर लादली आहे, दोष तिच्यात आहे. हे सिद्ध करायला मी दूर जात नाही. बदलापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बारवी धरण पुरेसं आहे.

हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं (एमआयडीसी). सत्तरच्या दशकात उद्योगांना पाणी देण्यासाठी ते बांधलं गेलं आणि पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. शेवटच्या टप्प्यात पूर्ण संचय पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली, स्वयंचलित दरवाजे बसले आणि २०१९च्या पावसाळ्यापासून वाढीव पातळीपर्यंत पाणी साठू लागलं. साठवणक्षमता सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४०च्या आसपास पोहोचली. तोंडली, काचकोली यांसारख्या मुरबाड तालुक्यातल्या गावपाड्यांनी त्याची किंमत मोजली. धरणातून सोडलेलं पाणी बारवी नदीतून उल्हास नदीत येतं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना व कारखान्यांना पुरवलं जातं. उल्हासनगर महापालिकेकडे तर स्वतःचा जलस्रोतच नाही. तिथलं सारं शहर एमआयडीसीच्या पाण्यावर आहे. म्हणजे उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा महाविद्यालयात, नाहीतर कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणारी मुलगी ज्या पाण्याचा ऑक्सिजन मोजायला बारवीवर जाईल, त्याच नदीव्यवस्थेचं पाणी पिऊन ती घरातून निघालेली असेल.

आता पहिला आक्षेप, नवेपणाचा. 'बारवीच्या पाण्याचे भौतिक व रासायनिक गुणधर्म' या विषयात नवं काय? एका वर्षाचा प्रकल्प पाहिला तर काहीच नाही. पण जलाशयाच्या बाबतीत एक गोष्ट जगभर दिसून आली आहे. नवी जमीन पाण्याखाली गेली की तिच्यातली माती, पालापाचोळा, मुळं कुजू लागतात. त्यातून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं, पहिली काही वर्षं शेवाळ आणि मासे दोन्ही भरभरून वाढतात, खोल पाण्यातला ऑक्सिजन मात्र घटतो. मग हा जोर ओसरतो आणि जलाशय हळूहळू दुसऱ्या तोलावर स्थिरावतो. बारवीत चार मीटर उंचीचा नवा पट्टा पाण्याखाली गेला तेव्हा हीच प्रक्रिया तिथे सुरू होणार हे अभ्यासक्रमातल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. २०१४ पासून दर डिसेंबरात आणि दर मे महिन्यात एखाद्या वर्गाने त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने पाणी तपासलं असतं, तर आज पाणी चढण्यापूर्वीची पाच वर्षं आणि नंतरची वर्षं समोरासमोर ठेवता आली असती. ती मालिका कोणत्याही मोठ्या संस्थेच्या तोडीची ठरली असती. त्यातला प्रत्येक प्रकल्प सुटा पाहिला तर सामान्य, आणि सगळे मिळून असामान्य. गेलेली वर्षं परत मोजता येत नाहीत. म्हणून यंदाचं वर्ष तरी वाया जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

कोणी म्हणेल, दर वर्षी तेच मोजण्यात कसलं विज्ञान? त्याला मी अमेरिकेतल्या ताहो सरोवराचं उदाहरण देईन. तिथे १९६८पासून एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते हे नोंदवलं जातं. पहिल्या वर्षी ही खोली सरासरी ३१ मीटर होती आणि २०१७ साली ती १८ मीटरांच्या जवळ आली. सरोवर गढूळ होत आहे हे डोळ्यांना कळण्याआधी त्या तबकडीने सांगितलं आणि सरोवराच्या काठावरच्या बांधकामांवर नियमही आले. ही तबकडी वापरात आणली ती आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने, १८६५ साली. जलाशयासाठी ती वीस सेंटिमीटर व्यासाची लागते, काळा-पांढरा रंग दिलेला पत्रा आणि दोरी एवढंच साहित्य. मुरबाड रस्त्यावरचा कोणताही फॅब्रिकेटर ती एका दिवसात करून देईल.

उपकरणांबद्दलच्या आक्षेपाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं उत्तर विंकलरच्या पद्धतीत आहे. हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ साली सांगितलेली ही पद्धत आजही प्रत्येक बी.एस्सी. प्रयोगशाळेत आहे. काचेची बीओडी बाटली पाण्याखाली धरून हवेचा बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगेनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. मग गंधकाम्ल टाकून तो विरघळवायचा, थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, शेवटी स्टार्चचा निळा रंग जातो तिथे थांबायचं. यातलं साका बसवण्याचं काम काठावरच झालं पाहिजे. बाटली तशीच कॉलेजात आणून दुपारी चारला टायट्रेशन केलं तर आकड्याला अर्थ उरत नाही. वर्गातला अर्धा दोष इथेच घडतो आणि तो उपकरणाचा नसतो.

विश्वासार्हतेचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो. विद्यार्थी आकडे बनवतात, असं म्हणतात. काही बनवतात. पण बनवलेला आकडा ओळखण्याची साधनं विज्ञानात आहेत आणि ती वापरायला शिकवणं हाच तर प्रकल्पाचा गाभा. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत जातो. एखाद्याने पहाटेच्या नमुन्यात बारा लिहिले असतील तर तिथे प्रश्न विचारलाच पाहिजे. तेच बारा भर दुपारी, हिरव्या पडलेल्या पाण्यात आले असतील तर ते खरे असू शकतात, कारण शेवाळ प्रकाशात ऑक्सिजन सोडतं. म्हणून आकड्याबरोबर घड्याळातली वेळ, पाण्याचं तापमान आणि आभाळाची स्थिती लिहिलीच पाहिजे. दोन गटांनी एकाच जागेचे दोन-दोन नमुने घ्यावेत, एकमेकांना आकडे न दाखवता टायट्रेशन करावं आणि दोघांतला फरक प्रकल्पात छापावा. फरक मोठा आला तर तो लपवू नये. चूक किती आहे हे सांगणारा आकडा चुकीचा असला तरी उपयोगी असतो. चूक झाकणारा आकडा बरोबर असला तरी निरुपयोगी.

आणि सामान्य माणसांच्या नोंदींवर देशाचं विज्ञान उभं राहू शकत नाही, ही समजूत तर आता मागे पडली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा आहे. त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी आहेत. त्यात प्राध्यापक आहेत तसे बँकेतले कर्मचारी आहेत, शाळकरी मुलंही आहेत. वेगवेगळ्या हातांच्या चुका अशा मोठ्या संख्येत ओळखता येतात, वेगळ्या काढता येतात. जर्मनीत क्रेफेल्ड इथल्या कीटकप्रेमींच्या मंडळाने २७ वर्षं एकाच पद्धतीचे सापळे लावून उडणारे कीटक तोलले. २०१७ साली त्यातून कळलं की संरक्षित क्षेत्रांतसुद्धा कीटकांचं वजन तीन-चतुर्थांशाने घटलं आहे. या माणसांनी सापळ्याची पद्धत बदलली नाही, आणि त्यांच्या नोंदींना किंमत आली ती त्यामुळेच.

आपल्याकडेही ही परंपरा आहे, पण आपण तिच्याकडे पाहत नाही. सलीम अली यांच्याकडे जीवशास्त्राची पदवी नव्हती. त्यामुळे पक्षितज्ज्ञाची सरकारी जागाही त्यांना नाकारली गेली. त्यांनी किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून केलेल्या निरीक्षणांतून १९३०च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट मांडलं की नर घरटी विणत जातो, मादी येऊन ती पारखते, आणि एक घरटं पत्करलं गेलं की नर दुसऱ्या मादीसाठी पुढचं विणायला घेतो. साधनं साधीच होती. सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव यांचं 'फ्लोरा ऑफ खंडाळा' १९५३ साली आलं. ते त्याच डोंगरांचं, जिथे उल्हास उगम पावते. खंडाळ्याच्या त्याच घाटवाटा वर्षांच्या वर्षं पुनःपुन्हा तुडवल्याशिवाय तो ग्रंथ झाला नसता. आणि माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बांधून जैवविविधतेच्या नोंदीचं जाळं उभं केलं. भारतीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोजेक्ट लाइफस्केप'मधून विद्यार्थ्यांना जाती ओळखता याव्यात म्हणून पुस्तकं निघाली; त्यातलं पहिलं, २००० सालचं, कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं. म्हणजे मी इथे काही नवं सांगत नाही. या मार्गाने पुष्कळ माणसं आधीच गेली आहेत.

इथवर विरोधकांना उत्तर दिलं. पण प्रकल्पांच्या समर्थकांशीही माझं भांडण आहे, आणि ते अधिक कडक आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणजे पोस्टर, पदक आणि पैसे घेऊन कुठलाही मजकूर छापणाऱ्या नियतकालिकातला 'पेपर', असं समजणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला नव्या जातीचा ध्यास लागलेला असतो. ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ साली उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदली गेली आणि हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिला 'इसियस तुकारामी' हे नाव मिळालं. या भागात अजून काय काय दडलं आहे याचा तो पुरावा आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण कोळ्याची नवी जात ठरवायला वर्षांनुवर्षांचा वर्गीकरणाचा सराव लागतो, संग्रहालयातले नमुने लागतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ते साध्य म्हणून देणं म्हणजे त्याच्याकडून फसवणूक मागणं. त्याला द्यायचं काम सोपं आणि खरं असावं.

शासनानेही एक चूक केली आहे. चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. पाठांतरावर मिळालेले गुण आणि पहाटे सहाला काठावर उभं राहून तिसरी बाटली तितक्याच काळजीने भरण्याची वृत्ती यांचा संबंध कुणी दाखवलेला नाही. मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून येणाऱ्या, साठ टक्के मिळवणाऱ्या मुलाला ऐन आणि किंजळ ही झाडं दुरून ओळखता येतात. शहरातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीला ते शिकायला अख्खं सत्र लागतं. ही अट निदान जीवशास्त्राच्या क्षेत्रीय प्रकल्पांना लागू असू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग बारवीवर नेमकं काय करायचं? पहिलं काम पाण्याचं: पारदर्शकता, तापमान, ऑक्सिजन, सामू आणि नायट्रेट, एवढंच. यादी लांबवली की काम ढिलं पडतं. त्याच दिवशी उल्हासच्या पुढच्या टप्प्यावर आणि अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीतही एकेक नमुना घ्यावा. शिवमंदिराच्या काठापासून उल्हासनगरपर्यंत ती नदी कशी बदलते हे कागदावर उतरलं तर तिथल्या नगरसेवकाला कोणत्याही निबंधापेक्षा ते लवकर समजेल.

दुसरं काम काठाचं. धरण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं आणि जूनपर्यंत उतरत जातं. मधल्या काळात उघडी पडणारी चिखलाची पट्टी ही वेगळीच दुनिया आहे. तिच्यावर कोणतं गवत आधी येतं, कोणत्या टिटव्या आणि तुतारी कधी उतरतात, घाणेरी आणि रानमोडी काठाकडे किती सरकतात, हे ठरावीक दहा खुंट्यांजवळ दर वर्षी पाहिलं तरी पुष्कळ झालं. आजूबाजूच्या जंगलात पळस आणि काटेसावर पहिल्यांदा कधी फुलली, मोहाचं पहिलं फूल कधी पडलं, ही नोंद दहा वर्षांची झाली की ती हवामानबदलाविषयी या तालुक्यापुरतं काही ठोस सांगू लागेल.

तिसऱ्या कामाविषयी मला सर्वांत जास्त आस्था आहे. पावसाळा सुरू झाला की बदलापूरच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बाया शेवळी, भारंगी, टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसतात. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात आली, किती दुरून आणावी लागली, कोणती आता मिळेनाशी झाली, हे त्यांच्याशी बोलून लिहिणारा प्रकल्प पाण्याच्या रसायनाइतकाच शास्त्रीय आहे. मात्र इथे एक बंधन. आजवर अशा प्रकल्पांत त्या बायांचं ज्ञान 'आदिवासींमध्ये प्रचलित समजूत' म्हणून एका रकान्यात टाकलं जातं आणि श्रेय मुखपृष्ठावरच्या नावांना मिळतं. हे थांबलं पाहिजे. त्यांची संमती घेऊन, त्यांना हवं असेल तर त्यांच्या नावासह, आणि पुन्हा जाऊन त्यांना वाचून दाखवूनच ती नोंद पूर्ण मानावी. २००२च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरची नोंदवही खऱ्या अर्थाने भरत राहायची असेल तर अशा प्रकल्पांशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शेवटचा आक्षेप पालकांचा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. पावसाळ्यात या भागातल्या धरण-धबधब्यांवर मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. म्हणून नमुने ऑक्टोबर ते मे याच काळात घ्यावेत, पाण्यात उतरायचंच नाही असा नियम असावा, बाटली लांब काठीला बांधून काठावरून सोडावी, आणि शिक्षकाशिवाय एकही गट जाऊ नये. पावसाळ्यातली आकडेवारी एमआयडीसीचे कर्मचारी रोज घेतात; पाण्याची पातळी आणि विसर्ग त्यांच्याकडून मागावा.

परवानगीचा प्रश्न इथेच येतो. दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयाने वेगळा अर्ज करायचा, तो एमआयडीसीकडून वनविभागाकडे आणि वनविभागाकडून परत फिरायचा, तोवर सत्र संपायचं. त्यापेक्षा परिसरातल्या महाविद्यालयांनी मिळून एकच अर्ज करावा, पाच वर्षांच्या परवानगीचा, ठरलेल्या पाच जागांसाठी, ठरलेल्या महिन्यांसाठी. त्याबरोबर हमी द्यावी की मूळ नोंदवह्यांची एक प्रत एमआयडीसीला, एक नगरपरिषदेच्या जैवविविधता समितीला आणि एक एका ठरलेल्या ग्रंथालयाला दाखल क्रमांकासह मिळेल. ब्लॅक बुक कुणाकडे गेली तरी चालेल, मूळ वही मात्र हरवता कामा नये. पुढच्या बॅचने पहिला आठवडा फक्त आधीच्या वह्या वाचण्यात घालवावा आणि त्यातल्या चुका शोधण्याला त्यांच्या गुणांपैकी एक हिस्सा द्यावा. हा अर्ज लिहायला दोन पानं लागतात. सत्र सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत तो पाठवता येतो, आणि त्यावर सही करायला प्राचार्यांना वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.